गुरुजींच्या वेबसाइटी अशाच वाऱ्यावर सोडायच्या का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर 'अमुक गावची शाळा झाली डिजिटल' म्हणून बातम्या येत असतात. फोटोत भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला हार, सरपंच फीत कापायलेत, मागं लेकरं ओळीत उभी. चांगलंच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या गुरुजीनं किंवा बाईनं रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर बसून आपल्या वर्गासाठी एक साधी वेबसाइट केली अन् ती लेकरांना खरंच कामाला यायली, त्याची बातमी काही माझ्या वाचण्यात आली नाही, म्हणून हे पत्र लिहायलो.

मी केज तालुक्यात झेरॉक्स अन् ऑनलाईन कामाचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, कॉलेजचे फॉर्म, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं. त्यामुळं होतं काय की मास्तर लोकंही माझ्याकडं येतात अन् लेकरंही येतात, अन् दोघं काय उघडतात, काय प्रिंट काढतात ते मला दिसतं. शिक्षणातला मी तज्ज्ञ बिज्ज्ञ कोणी नाही, पण रोज डोळ्यासमोर जे चाललंय ते बघून माझं एक मत झालंय, ते सांगतो.

पहिलं म्हणजे आपल्याकडं 'शिक्षकांच्या वेबसाइट' म्हणून ज्या फेमस आहेत त्यातल्या बऱ्याच लेकरांसाठी नाहीतच. त्या शिक्षकांसाठी आहेत. नवीन जीआर आला का, महागाई भत्त्याचा फरक किती निघतो, निकालपत्रकाची एक्सेल शीट, अन् सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे प्रगतीपत्रकात प्रत्येक लेकराबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदी. परीक्षा झाल्या की त्या नोंदीच्या पानांच्या प्रिंटा काढायला माझ्याकडं गर्दी होते. 'वर्गात चांगला प्रतिसाद देतो', 'गटकार्यात सहभागी होतो', एकच वाक्य कुठल्या गावातल्या कुठल्या पोराच्या नावासमोर चिकटंल सांगता येत नाही. ह्या साइटी चुकीच्या आहेत असं नाही म्हणत, मास्तर लोकांच्या मागं कागदाचा एवढा रेटा असतो की त्यांना त्या लागतातच. पण त्यांना 'विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक वेबसाइट' म्हणू नये एवढंच.

दुसऱ्या जातीच्या साइटी फार कमी आहेत, अन् मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल. आमच्या भागातल्या एका झेडपी शाळेतल्या गुरुजींची साइट आहे, फुकटच्या गुगल साइट्सवर केलेली, दिसायला अगदी साधी, वर फिरणारी अक्षरं नाहीत, गाणं वाजत नाही, स्वतःचा कोट घातलेला फोटोही नाही. नाव सांगत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. त्यातलं एक पान मी अनेक लेकरांना प्रिंट काढून दिलंय म्हणून मला पाठच झालंय. क्षेत्रफळाचं पान आहे. सुरुवात अशी की शाळेच्या मैदानात चुन्यानं तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद चौकोन आखलाय, त्याचा फोटो, चौकोनाच्या आत वर्गातली पोरं बसलेली, पाठमोरी. खाली लिहिलंय, हा एक गुंठा. ३३ गुणिले ३३ किती? १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, मग एकरात किती चौरस फूट? ४३,५६०. इथपर्यंत कोणीही करंल. पुढं गुरुजी म्हणतात, आता घरचा सातबारा आणा. त्यावर एकर लिहिलेला नसतो, हेक्टर अन् आर लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा, थोडा कमी. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर असंल तर तुमचं शेत किती एकर? उत्तर, जवळपास दोन एकर. मग प्रश्न, एकरी ३० किलो सोयाबीनचं बी लागतं तर १ एकर १० गुंठ्याला किती लागंल? साडेसदतीस किलो येतं, पण बॅग ३० किलोची आहे, मग किती बॅगा आणाव्या, उरलेल्याचं काय करावं, घरी विचारून या.

आता सांगा, हे पान पुण्याच्या कुठल्या ॲपवाल्याला सुचलं असतं का? पाचवी-सहावीची पोरं माझ्याकडं येऊन म्हणायला लागली, काका आमचा सातबारा काढून द्या, अन् त्यांचे बाप मागं उभे राहून हसायलेत. एका बापाला तर पोरानंच सांगितलं की भाऊबंदात वाटणी झाली त्यात आपले दीड गुंठे कमी भरायलेत. मग पुढं त्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही, आपल्याला काय करायचं.

ह्या पानाचा फायदा नेमका कशात आहे यावर मी पुष्कळ विचार केला. अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप आहे, ते ५ सप्टेंबर २०१७ ला देशभर सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकात त्याचे क्यूआर कोड आहेत, बालभारतीच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. यूट्यूबवर तर प्रत्येक धड्याचे शंभर व्हिडिओ असतील. साहित्याची कमी बिलकुल नाही. पण ते सगळं गडचिरोलीच्या पोराला अन् सिंधुदुर्गच्या पोराला एकच आहे. आज आपल्या वर्गात कुठपर्यंत झालं, कुठल्या गणिताला सगळा वर्ग अडकला, उद्या काय होणार, हे फक्त वर्गावरच्या गुरुजीला माहीत. हे गुरुजी दर आठवड्याला एक पान टाकतात, 'ह्या आठवड्यात काय झालं' म्हणून. त्यात वर्गात फळ्यावर सोडवलेलं एक गणित, फळ्याचाच फोटो, अन् खाली तसलीच दोन-तीन सरावाला. बस. शाळेत जे झालं त्यालाच धरून पुढं जातंय, म्हणून लेकरू उघडतं. नसता नुसत्या लिंकांचा ढीग कोण उघडतंय.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, मग वेबसाइट कशाला, असं मला एका मास्तरांनीच विचारलं होतं. लॉकडाऊनमधे २०२० ला शाळा बंद पडल्या तेव्हा सगळा अभ्यास व्हॉट्सॲपवरच आला, ते आपण बघितलंय. सकाळी टाकलेला अभ्यास संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंग, वाढदिवसाच्या शुभेच्छा अन् भावपूर्ण श्रद्धांजलीच्या खाली गाडला जायचा. बापाचा मोबाईल भरला की तो पहिले तोच ग्रुप साफ करणार. मागच्या महिन्यातलं पाहिजे म्हटलं तर वर सरकवता सरकवता अंगठा दुखतो. साइटवर ते तारखेनं, पाठाच्या नावानं जागच्या जागी राहतं.

अन् फोन घरात एकच असतो, तो बाप घेऊन जातो शेतात नाहीतर कामावर, घरी येतो रात्री आठला. त्यामुळं 'संध्याकाळी पाच वाजता ऑनलाईन तास' वगैरे आमच्याकडं चालत नाही. पान मात्र आठलाही तिथंच असतं, दहालाही असतं.

ज्या लेकरांचे मायबाप ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी तर याचं मोल आणखी वेगळं आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून गाड्या भरून माणसं जातात, कोल्हापूर, सांगली, सातारा, तिकडं कर्नाटकात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजी-आजोबांकडं राहतात, बाकीची सोबत जातात. जाताना शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण फडापासून शाळा लांब, धाकटं भावंडं सांभाळायला कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कोणीतरी पाहिजे, मग राहून जातं. असल्या पोरांना आपला वर्ग इकडं कुठपर्यंत गेला हे तरी त्या साइटवर कळतं. मुकादमाच्या नाहीतर बापाच्या फोनवर रात्री पाच-दहा मिनिटं बघितलं तरी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत आलेलं पोरगं अगदीच कोरं राहत नाही. मी असं म्हणत नाही की वेबसाइट झाली की ऊसतोड कामगारांच्या लेकरांचा प्रश्न सुटला. कोणी तसं म्हणंल तर त्याला एकदा फडावर नेऊन सोडा. पण धागा अगदीच तुटत नाही, एवढं नक्की.

आता थोडं टेक्निकल, कारण ह्यात मास्तर लोकं मार खातात अन् माझा तो रोजचाच धंदा आहे. मोबाईलनं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच्या तसा साइटवर चढवला की डोंगरातल्या नेटवर्कवर तो अर्ध्यावरच अडकतो. तोच फोटो लहान करून दोनशे केबीचा केला तरी मोबाईलवर काही फरक दिसत नाही. हातानं लिहिलेली वही स्कॅन करून तीस एमबीची पीडीएफ करण्यापेक्षा तोच मजकूर टाइप करा, आता तर बोलून टाइप होतंय. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात केलेल्या प्रश्नपत्रिका तशाच कॉपी करून टाकतात, मग लेकराच्या मोबाईलवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं अन् कंसांचं कडबोळं दिसतं अन् लेकरू म्हणतं साइट बिघडली. अन् व्हिडिओ टाकलाच तर खाली चार ओळीत त्यात काय आहे ते लिहा, रोजचा डेटा संपलेल्या घरात निदान त्या चार ओळी तरी वाचल्या जातील.

गुगल फॉर्मच्या टेस्टबद्दलही सांगतो. बऱ्याच साइटवर नुसत्या टेस्टच असतात, चार पर्याय, बटण दाबा, शेवटी प्रमाणपत्र. माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून पोरं कसं सोडवतात ते मी बघतो, वाचतच नाहीत, पहिले सगळीकडं 'अ' दाबून बघतात, मग मार्क बघून 'ब'. चार-पाच फेऱ्यात वीसपैकी वीस अन् प्रमाणपत्राची कलर प्रिंट माझ्याकडून. धंदा होतो माझा, पण त्यात शिकलं काय? वर सांगितलेल्या गुरुजींनी मात्र फॉर्ममधे प्रत्येक दोन-तीन प्रश्नांनंतर एक रिकामी जागा ठेवली, 'हेच उत्तर का, एका ओळीत लिही'. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलीच उत्तरं नाव न घेता फळ्यावर लिहून चर्चा करतात म्हणे. तिथं खरं शिकणं होतं, वर्गातच होतं. साइट फक्त लेकराच्या डोक्यात काय गोंधळ आहे तो गुरुजीपर्यंत आणून पोचवायला.

आणखी एका बाईंचं काम सांगायचं राहिलं. त्यांच्या शाळेत बंजारा तांड्यावरची लेकरं आहेत, घरात त्यांची गोरमाटी बोली बोलतात, पहिलीला आली की पुस्तकातली मराठी त्यांना परकी. बाईंनी तांड्यावरच्याच एका आजीच्या आवाजात त्या त्या चित्राचं नाव रेकॉर्ड करून पानावर टाकलंय, चित्राला बोट लावलं की आधी गोरमाटीत ऐकू येतं, मग मराठीत. त्या आजी आता शाळेच्या कार्यक्रमाला पुढच्या खुर्चीत बसतात.

आता मुख्य दुखणं. हे सगळं त्या एका माणसाच्या खाजगी जीमेलवर उभं आहे. झेडपीच्या गुरुजीची बदली होते, ती तर ठरलेलीच. गुरुजी दुसऱ्या तालुक्यात गेले की साइट त्यांच्याबरोबर गेली, नाहीतर तशीच पडून राहिली. नव्या गुरुजीला पासवर्ड माहीत नाही, जुन्याला नवीन शाळेचा व्याप. आमच्या पाहण्यातली एक बऱ्यापैकी साइट अशीच बसली, तिच्यावर अजून जुन्या अभ्यासक्रमाचे धडे अन् जुन्या मुख्याध्यापकांचा फोटो आहे. त्यात गुगलनं डिसेंबर २०२३ पासून नियमच केलाय की दोन वर्षं कोणी उघडलंच नाही असं खाजगी खातं ते बंद करून त्यातलं सगळं काढून टाकू शकतात. म्हणजे रिटायर झालेल्या गुरुजीनं जुना जीमेल उघडणं सोडलं की ड्राइव्हमधल्या त्यांच्या सगळ्या स्वाध्यायपत्रिका गेल्या. ब्राउझरमधे खेळ चालवणारं फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं तेव्हाही असंच झालं, शिक्षकांनी मेहनतीनं केलेले शब्दांचे, गणिताचे कितीतरी खेळ उघडायचेच बंद झाले, अन् कोणी हळहळलंही नाही.

शाळेचा चार्ज देताना काय काय देतात? जनरल रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, खोल्यांच्या किल्ल्या, डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणं खुर्च्या-टेबलं मोजून. तुटकी खुर्चीसुद्धा निर्लेखित केल्याशिवाय, म्हणजे रजिस्टरातून रीतसर कमी केल्याशिवाय, टाकता येत नाही. मग चार-पाच वर्षं खपून केलेली साइट कुठल्याच रजिस्टरात का नसावी? प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे सरकारी शाळा-नोंदीचा, अकरा आकडी नंबर आहेच. त्या नंबरावर शाळेचं एक कायमचं ईमेल खातं जिल्हा परिषदेनं काढून द्यावं, साइट त्या खात्यावर असावी अन् चार्ज देताना पासवर्ड सही घेऊन द्यावा. पानावर करणाऱ्याचं नाव मात्र कायम राहिलं पाहिजे. कारण ती पण एक बोंब आहे, एकानं केलेलं पान दुसरा जसंच्या तसं उचलतो, खालचं नाव बदलतो अन् वर जाहिराती लावतो. त्या जाहिरातीत मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण असतं, लेकरू स्वाध्याय समजून ते दाबतं अन् रमीचं नाहीतर कर्जाचं ॲप उतरतं बापाच्या मोबाईलमधे. लेकरांच्या अभ्यासाच्या पानावर जाहिरात नसावीच, ह्यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

अन् लेकरांची माहिती. काही साइटवर अख्ख्या वर्गाची यादी टाकलेली असते, नाव, जन्मतारीख, जात, पालकाचा मोबाईल नंबर, कहर म्हणजे एके ठिकाणी आधार नंबरसुद्धा. अहो, कार्यालयातल्या कपाटात ठेवायचा कागद जगाच्या चव्हाट्यावर? २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालच्या लेकराची माहिती वापरायची तर आई-बापाची संमती घ्यायची तरतूद आहे. वर सांगितलेल्या गुरुजींनी फोटो पाठमोरे का घेतले ते आता लक्षात आलं असंल.

हे वाचून कुठल्या साहेबांना वाटंल की व्वा, चांगली कल्पना, काढा पत्र, आठ दिवसात सगळ्या शाळांनी वेबसाइट तयार करून लिंक भरावी. साहेब, हात जोडतो, तेवढं करू नका. पत्र निघालं की माझ्या दुकानात रांग लागंल, सगळ्यांना एकसारख्या साइटी मीच करून देईन, शाळेचं नाव बदललं की झालं, लिंक भरून होतील अन् एकही लेकरू त्या उघडणार नाही. शाळेला एकच शिक्षक, त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहित्या, त्यात ही आणखी एक. ज्याला हौस आहे, ज्याला जमतंय त्याला करू द्या. केंद्राची शिक्षण परिषद भरते त्यात अशा एका गुरुजीला तासभर द्या, त्यानं आपली पानं दाखवावी, काय फसलं ते पण सांगावं, बाकीच्यांनी त्यातलं आपल्याला लागतंय ते घ्यावं. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेवर असताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले, पुढं २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. ती गोष्ट पण एका वर्गातूनच सुरू झाली, पत्र काढून नाही झाली.

फोननं लेकरं बिघडतात, असं म्हणणारे पालक पुष्कळ आहेत अन् त्यांचं खोटं नाही. अभ्यासाला म्हणून घेतलेला फोन दहा मिनिटात रीलवर जातो. म्हणूनच पान लहान पाहिजे, बघितलं, वहीत उतरवलं, फोन परत दिला, असं. ज्यांच्याकडं फोनच नाही त्यांना दोन रुपयात पानाची प्रिंट निघते, कधी कधी एकाची प्रिंट अख्खी गल्ली वापरते. दोन रुपये पण जड जाणारी घरं आहेत, तिथं मी सोडून देतो. शाळा व्यवस्थापन समितीनं महिन्याला शंभर-दोनशे रुपयांच्या प्रिंटांची सोय केली तर कोणाला सोडून द्यायची पाळीच यायची नाही. माझा धंदा वाढावा म्हणून बोलतोय असं कोणाला वाटलं तर त्यांनी खुशाल दुसऱ्याच्या दुकानातून काढाव्या.

शेवटी तुम्हाला एक विनंती. जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा चार इंचाची चौकट द्या, त्यात मराठवाड्यातल्या एका शिक्षकाच्या एका पानाचा पत्ता अन् ते पान कितवीच्या कुठल्या पाठाचं आहे एवढंच छापा, शिक्षकाला विचारून. सत्काराचा फोटो नको. सोबत क्यूआर कोड दिला तर उत्तमच, पण तो जरा मोठा छापा, बारीक छापला की आमच्या लोकांच्या मोबाईलवर स्कॅन होत नाही. अन् पत्ता छापायच्या आधी एकदा उघडून बघा, मागं एका पेपरात फॉर्मच्या साइटचा पत्ता छापताना टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडला होता अन् दिवसभर लोकं माझ्याशीच भांडत होते.

आपला नियमित वाचक,
एक झेरॉक्सवाला, ता. केज, जि. बीड